काजळला घेऊन दिवसभराची डोंगरवाट: तिला झेपेल का?

प्रश्न: उंचवटा

नमस्कार मंडळी. आमची काजळ तीन वर्षांची आहे. मिश्र जातीची, काळीभोर, अंगावर दाट केस, वजन २२ किलो. सकाळ-संध्याकाळ तासभर तिला सपाटीवर फिरवतो. घरी आल्यावरही ती चेंडू तोंडात धरून माझ्यापुढे उभी राहते, इतका दम तिच्यात आहे. डोंगर मात्र तिने अजून पाहिलेला नाही.

पुढच्या महिन्यात मी आणि माझा मित्र एका वाटेने जायचं म्हणतोय. जाऊन-येऊन १४ किलोमीटर, चढ साधारण ९०० मीटर. सुरुवातीला दाट झाडी, मग ओढा, ओढ्यानंतर उघड्या कातळाची लांब सोंड. सोंडेवर सावली अजिबात नाही. ती संपते तिथे गवताळ माळ लागतो आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्या एकदम समोर येतात. माळाच्या पुढे लोखंडी शिडी आणि शिडीच्या वर शिखर. मी ही वाट आधी चाललोय. त्या माळावर काजळला घेऊन जायचं तेव्हापासून मनात आहे.

मित्राचं म्हणणं, "कुत्र्याला चार पाय आहेत, ती तुझ्याआधी वर पोचेल, कसली काळजी करतोस?" मला ते पटत नाही. ती थकली तर मला कसं कळणार? पाणी किती न्यायचं? तापलेल्या कातळावर तिच्या पंजांचं काय? कुत्र्यांचे बूट मिळतात ते खरंच कामाचे असतात का? पट्टा कुठे सोडता येईल, की सोडूच नये? ज्यांनी कुत्र्यासोबत डोंगर चालले आहेत त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. ती शिखरावर पोचलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. तिला तो दिवस आवडावा, एवढंच.

प्रतिसाद: रानवारा

जरूर न्या! कुत्री डोंगरात किती चढू शकतात याचं एक जुनं उदाहरण सांगतो. चिंगेल नावाची एक छोटी कुत्री १८७५ साली आल्प्समधल्या माँ ब्लाँ या शिखराच्या माथ्यावर गेली होती, म्हणजे ४,८०० मीटरच्या वर, बर्फात. डब्ल्यू. ए. बी. कूलिज हे गिर्यारोहक आणि त्यांची मावशी मेटा ब्रेवूर्ट यांची ती कुत्री. तुमची काजळ तर २२ किलोची तगडी आहे.

एक गोष्ट मात्र घ्याच. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस, आणि तोही पाठीवर मजबूत मूठ असलेला. उंच पायरीवर तिला आधार देऊन उचलताना त्या मुठीचा जो उपयोग होतो तो दुसऱ्या कशाचा होत नाही.

प्रतिसाद: पायवाट

हार्नेसबद्दल रानवारा यांच्याशी शंभर टक्के सहमत. चिंगेलच्या गोष्टीत थोडी भर घालते. ती १८६८ पासून कूलिज यांच्याकडे होती आणि वर्षामागून वर्षं आल्प्समध्ये चढत होती. माँ ब्लाँ तिच्या वाट्याला आलं ते एवढ्या सरावानंतर. काजळची ही पहिलीच वाट आहे, तेव्हा हिशोब वेगळा.

उंचवटा, तुमच्या प्रश्नांतला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे: ती थकली तर कळणार कसं? कुत्रं स्वतः "बस झालं" म्हणत नाही. तुम्ही पुढे चालताय तोवर ते मागे येत राहतं, पाय सोलपटले तरी, अंग तापलं तरी. तुमच्याजवळ राहणं हे त्याच्यासाठी विश्रांतीपेक्षा मोठं असतं. म्हणून थांबायचं ठरवणं हे पूर्णपणे आपलं काम आहे, आणि ते ती दमण्याच्या आधी करायचं.

आमचा वाघ्या माझ्यासोबत खूप डोंगर चालला. त्याची थकायची पहिली खूण धाप नव्हती, नाक होतं. ताजातवाना असताना तो प्रत्येक दगडाशी, प्रत्येक झुडपाशी थांबायचा. वास घेणं बंद झालं आणि तो सरळ रेषेत चालू लागला की मी समजायचे, आता याला वाट नकोशी व्हायला लागली. त्यानंतरची खूण म्हणजे तो माझ्या मागे येऊन नेमका माझ्या सावलीत चालायचा. तिसऱ्या खुणेपर्यंत मी कधी जाऊ दिलं नाही. काजळच्या खुणा वेगळ्या असतील, पण असतील नक्की. पुढचे काही आठवडे तिला रोजच्या फेरीत त्या नजरेने बघा. शेपूट कुठे असते, कान कसे असतात, तुमच्या किती पुढे चालते. ताजेपणी ती कशी दिसते ते पाठ झालं की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

आता वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला नियम अजून वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला तो लावला तर अंतराचे पावणेतीन तास, चढाचा दीड तास, म्हणजे सव्वाचार तास नुसतं चालणं, कुठेही न थांबता. कुत्र्यासोबत थांबे धरलेच पाहिजेत. मी असल्या वाटेला सहा-सात तास धरते.

हे मुद्दाम लिहिलं, कारण तुमच्या वाटेचा अवघड भाग शिडी नाही, तो उघडा कातळ आहे, आणि त्यातही परतीचा. पहाटे चढताना दगड गार असतो, माणूस खूश असतो, कुत्रं खूश असतं. तोच दगड तुम्ही उतरताना चार तास ऊन खाऊन बसलेला असतो. आपल्या बुटांच्या तळव्यांना ते जाणवत नाही. हाताची उलटी बाजू दगडावर सात सेकंद ठेवून बघा. हात काढून घ्यावासा वाटला तर तो दगड तिच्या पंजांसाठीही नाही. शिवाय काजळ काळी आहे, काळे केस ऊन जास्त शोषतात, आणि तिचं पोट जमिनीपासून वीतभरच वर असतं. वरून ऊन, खालून दगडाची झळ.

म्हणून वेळ उलट्या बाजूने मोजा. सोंडेवर ऊन कडक व्हायच्या आत परतीत ओढ्यापाशी कधी पोचायचं ते आधी ठरवा आणि त्यावरून निघायची वेळ काढा. बहुधा उत्तर निघेल की पहिली झाडी डोक्याला दिवा लावून अंधारात पार करायची. काजळला त्यात काहीच अडचण नाही, तिला तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं.

पाणी: कुत्र्याला एरवी दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर लागतं, म्हणजे काजळला सव्वा लिटरच्या आसपास. चढाच्या दिवशी त्याच्या दुप्पट धरा. तिच्या एकटीसाठी अडीच लिटर तुमच्या पाठीवर हवं, ओढा असो वा नसो. घडीचं भांडं घ्या, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. एकदम भांडंभर गटागटा पिऊ देऊ नका. वाहत्या ओढ्याचं ठीक, पण डबक्याचं नको. साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवा तवंग दिसला तर तिला त्यात पायही ठेवू देऊ नका. त्यातले जीवाणू कुत्र्याचा जीव घेऊ शकतात.

खाणं निघण्याआधी दोन-तीन तास आणि हलकं. बाकीचं तिथे तुकड्यातुकड्याने. आणि तुमच्या मित्राच्या खिशातला सुका मेवा जपा! मनुके आणि द्राक्षं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेटही विषच. डोंगरावर कौतुकाने घास देणारी माणसं भेटतात, त्यांनाही प्रेमाने नाही म्हणा.

बूट. माझं मत असं: पायात घालून निघायला नको, पिशवीत हवेतच. कुत्रं कातळावर नखांनी आणि पंजाच्या उघड्या त्वचेने पकड घेतं, बुटात ती पकड जाते, ओल्या दगडावर तर ते घसरतं. पण पंजा कापला किंवा दगड अनपेक्षित तापला, तर त्याच बुटांवर ती खाली येऊ शकते. घरात आठवडाभर रोज थोडा वेळ घालून सवय करा, नाहीतर ऐन वेळी ती ते दातांनी ओढून काढेल. नखं निघण्याच्या आदल्या दिवशी कापू नका, चार-पाच दिवस आधी कापा. पंजांचे तळवे हळूहळूच टणक होतात. खडबडीत वाटेवर छोट्या फेऱ्या मारणं हा त्याला एकमेव उपाय.

आणि एक विचारते, राग मानू नका. २२ किलो तुम्ही किती लांब उचलून नेऊ शकता? घरी एकदा उचलून बघा. तिने पाय मुरगळला तर ते वजन तुम्हा दोघांवर येणार. जाड, मोठी चादर सोबत ठेवा. तिची झोळी करून दोघांना धरता येतं. उचलून घेण्याची सवयही तिला आधीपासून असू द्या, दुखावलेलं कुत्रं अनोळखी पकडीला घाबरून चावतं.

प्रतिसाद: जनावरांचा_डॉक्टर

पायवाट यांनी चालण्याचं सगळं लिहिलंय, मी दवाखान्यातून दिसतं ते लिहितो.

उष्माघात. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांत असतात, त्याने अंग गार होत नाही. सगळा भार धापेवर असतो. जिभेवरून आणि श्वासनलिकेतून पाण्याची वाफ होते आणि अंग निवतं. हवा दमट असेल तर ही वाफ नीट होत नाही. त्यामुळे ढगाळ, कोंदट दिवसही फसवा असतो. ऊन नाही म्हणून निर्धास्त राहू नका. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की अवयवांना धोका सुरू होतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, हिरड्या विटकरी लाल होतात, लाळ घट्ट आणि चिकट होते, चाल डगमगते, उलटी होते. यातलं काही दिसलं तर पहिलं काम गार करणं, खाली नेणं नंतर. सावलीत घ्या, पोटावर, काखेत, जांघेत, सगळ्या अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो उष्णता आत कोंडतो. ती शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. नंतर ठीक वाटली तरी त्याच दिवशी तपासून घ्या, आतली इजा काही तासांनी दिसू शकते.

तीन वर्षांचं वय उत्तम. इतर कुणी वाचत असेल तर सांगतो, पिल्लांना अशा वाटेवर नेऊ नये. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचे मऊ भाग असतात, मोठ्या जातींमध्ये ते भरून यायला दीड वर्षही लागतं. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना लांब चढ आणि ऊन, दोन्ही नकोच. त्यांची धापच अपुरी पडते.

उतरण्याबद्दल एक. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार उभं असतानाही पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी वाढतो. चढताना आनंदात असलेली कुत्री दुसऱ्या दिवशी पुढचा पाय टेकवत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा उतार. उतरताना तिला उड्या मारू देऊ नका, हार्नेसने वेग आवरा.

लसी: रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांची लस पूर्ण हवीच, आणि लेप्टोस्पायरोसिसचीही घ्या. हा आजार उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून येतो आणि माणसालाही होतो. गोचिडांवरचं औषध निघण्याच्या काही दिवस आधी सुरू झालेलं असू द्या.

उंचवटा

मनापासून आभार. उलट्या बाजूने वेळ मोजण्याचं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. काल काजळला उचलून जिना चढलो. जमलं, पण दोन मजल्यांपलीकडे नाही. मित्रालाही हे सगळं वाचायला दिलं, तो आता चादर उचलायला तयार आहे.

दोन गोष्टी राहिल्या. पट्ट्याचं कुणी लिहिलं नाही. घराजवळच्या मैदानात ती मोकळी असते आणि हाक मारली की येते. आणि शिडी. तिला खाली झाडाला बांधून आम्ही पटकन वर जाऊन आलो तर?

प्रतिसाद: पायवाट

पट्टा सोडू नका. पूर्ण वाटभर. मैदानात हाकेला येणारी कुत्री रानात ससा उठला की येईलच असं नाही, आणि तुमच्या वाटेला दोन्ही बाजूंना दरी आहे. लांब होत जाणारा, चाकातून सुटणारा पट्टा नको, झुडपात अडकतो आणि झटका बसला की हातातून निसटतो. साधा दोन मीटरचा घ्या. झाडीत तो कमरेला अडकवला तर हात मोकळे राहतात. सोंडेवर आणि कड्याच्या जवळ मात्र कमरेवरून काढून हातात घ्या. तिचा तोल गेला तर तुमचाही जाऊ नये.

दुसरं कारण तिथल्या प्राण्यांचं. जमिनीवर घरटं करणारे पक्षी कुत्रा जवळ आला की अंडी सोडून उडतात, आणि अंडी तेवढ्यात गार होतात किंवा दुसऱ्या कुणाच्या तोंडी जातात. आपल्याला हे दिसतही नाही. आजाराचं तर त्याहून मोठं. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या रानात डिस्टेंपरच्या साथीने तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश सिंह मेले, आणि तो विषाणू आजूबाजूच्या पाळीव कुत्र्यांमधून आला होता. डॉक्टरांनी सांगितलेली लस काजळइतकीच त्या रानासाठी आहे. याच कारणांनी पुष्कळ राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत कुत्र्यांना बंदी असते. तुमची वाट अशा हद्दीतून जाते का ते आधी वनखात्याकडे विचारा. बंदी असेल तर दुसरी वाट निवडा. कुणी बघत नाही म्हणून जाऊ नका.

गुरं दिसली, विशेषतः वासरं सोबत असतील, तर लांबून वळसा घाला. गाय कुत्र्याला शिकारी समजते आणि अंगावर येते. तसं खरंच झालं तर त्या क्षणी पट्टा सोडून द्या. पट्टा सोडू नका म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद. काजळ तिच्यापेक्षा वेगाने पळेल, तुम्ही पळू शकणार नाही.

समोरून माणसं आली की वाटेच्या कडेला थांबा, काजळला दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसालाही त्या वाटेवर तुमच्याइतकाच हक्क आहे, "ती काही करत नाही हो" असं ओरडून त्याची भीती जात नाही. विष्ठा पिशवीत भरून खाली आणा. दगडाआड टाकलेली पिशवी पुढच्या पावसात ओढ्यात जाते.

शिडी: काजळला शिडीवर चढवू नका आणि बांधून दोघांनीही वर जाऊ नका. अनोळखी जागी, तुमचा वास वरून येतोय आणि तुम्ही दिसत नाही, अशा वेळी कुत्री हार्नेसमधून मागे सरकून निसटतात, नाहीतर पट्ट्यात पाय गुंतवून घेतात. बांधलेली कुत्री कुठल्याही रानटी प्राण्यापासून पळूही शकत नाही. एकाने माळावर तिच्याजवळ बसायचं, दुसऱ्याने वर जाऊन यायचं, मग अदलाबदल. जास्तीचा वेळ हिशोबात बसत नसेल तर या खेपेला शिखर सोडा. तुम्हाला हवा होता तो माळ शिडीच्या अलीकडेच आहे.

आणि पुढच्या महिन्याआधी एकदा तिला नुसतं ओढ्यापर्यंत घेऊन जा. ओढा बघेल, पाण्यात उतरेल, परत येईल. दुसऱ्या दिवशी ती कशी उठते त्यावरून सोंडेचं ठरवा.

प्रतिसाद: जनावरांचा_डॉक्टर

ओढ्यापर्यंतच्या फेरीची सूचना फार चांगली. तिथून परत आल्यावर गाडीत बसवण्याआधी तिला नीट चाचपून बघा. दाट केसांत बोटं घालून कानांच्या मागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी गोचिडा शोधा. सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं, चटका देणं असलं काही करू नका, गोचीड त्या वेळी आतलं सगळं जखमेत सोडते. बेबेसिया आणि एर्लिकिया या जंतूंचा ताप गोचिडांतूनच येतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती मलूल वाटली, खाईनाशी झाली किंवा लघवी गडद झाली तर डोंगरावर गेल्याचं तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तसंच गवताची कुसळं. बोटांच्या बेचक्यांत, कानांत, नाकात बघा. कुसळ एकाच दिशेने पुढे सरकतं आणि कातडीत शिरलं की बाहेर येत नाही. तिने डोकं एका बाजूला कलवलं, सारखा कान झटकला किंवा एकच पंजा चाटत बसली, तर वाट न बघता दाखवा.

उंचवटा

ठरलं. येत्या रविवारी पहाटे फक्त ओढ्यापर्यंत. वनखात्याला उद्या फोन करतो. हार्नेस आणि दोन मीटरचा पट्टा आज आणला, काजळ तो घालून घरभर फिरतेय. बुटांची सवय उद्यापासून. सोमवारी ती कशी उठली ते इथेच लिहीन.